एक रुपयाचे मेसेज आणि कोर्टाचा कागद

या आठवड्याचं पत्र नवी मुंबईतून आलंय. नाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, मी एकतीस वर्षांची, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. घोडबंदर रोडला एका मुलासोबत तीन वर्षं राहिले. लग्न केलं नव्हतं पण भाड्याच्या ॲग्रीमेंटवर दोघांची नावं होती आणि बिल्डिंगमध्ये सगळे आम्हाला नवरा-बायकोच समजायचे. दुसऱ्या वर्षापासून तो हात उचलायला लागला. सात महिन्यांपूर्वी एक बॅग घेऊन निघाले, आता कोपरखैरण्याला आत्याकडे आहे. सगळीकडे ब्लॉक केलंय तर तो यूपीआयवरून एक-एक रुपया पाठवतो आणि रिमार्कमध्ये लिहितो, 'फोन उचल', 'आत्याचा जिना अंधारात असतो ना'. हा पत्ता मी त्याला कधीच दिलेला नाही. मागच्या महिन्यात दोनदा ऐरोली स्टेशनवर लेडीज डबा येतो बरोब्बर तिथे उभा होता. पोलिसांत गेले तर एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली, म्हणाले बोलावून समज देतो. आता म्हणतो, शेवटचं एकदा भेट, तुझी सर्टिफिकेटं देतो. आई चिपळूणहून रोज फोन करते की नोकरी सोड आणि घरी ये, कोर्टात गेलीस तर गावभर होईल. मला रिस्ट्रेनिंग ऑर्डर मिळेल का? लग्न नाही, मारल्याचा एक फोटो नाही, पुरावा काहीच नाही. ता.क. आतापर्यंत ४१ रुपये आलेत. परत पाठवून देऊ का? मला त्याचा एक पैसा नकोय."

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पोटात गोळा आला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मी पेन घेऊन तारखांखाली रेघा मारत होते, कारण "पुरावा काहीच नाही" लिहिणाऱ्या बाईने मला पानभर पुरावाच पाठवलाय. त्यावर येतेच, आधी तुझा मुख्य प्रश्न.

रिस्ट्रेनिंग ऑर्डर हा शब्द आपण अमेरिकन सिरियलींतून उचललाय, आपल्याकडे त्या नावाचा कागद नाही, पण त्याच कामाचा कागद आहे आणि त्याला म्हणतात संरक्षण आदेश, प्रोटेक्शन ऑर्डर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे, वकील लोक नुसतं 'डीव्ही' म्हणतात, "डीव्ही टाकलीय" असं. त्याच्या कलम १८ मध्ये हा आदेश आहे. आणि लग्न पाहिजेच असं त्यात नाही. 'लग्नासारखं नातं' असेल तरी चालतं, आणि सध्या एकत्र राहत असायला हवं असंही नाही, कधीतरी एका घरात राहिलेले असलात की झालं. त्यामुळे निघून सात महिने झाले, आता उशीर झाला का, ही भीती काढून टाक.

पण "लग्नासारखं" म्हणजे काय हे कोर्ट बघतं हं, नुसतं शनिवार-रविवार एकमेकांकडे राहणं त्यात बसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितलंय की दोघं सज्ञान हवीत, लग्न करायला मोकळी हवीत, आपल्या मर्जीने बराच काळ एकत्र राहिलेली हवीत आणि चारचौघांत जोडप्यासारखी वावरलेली हवीत. तुझं ॲग्रीमेंट, गॅसचं कार्ड असेल तर ते, सोसायटीच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते, शेजारच्या काकू ज्या हळदीकुंकवाला बोलवायच्या (बोलवायच्याच, घोडबंदरच्या सोसायट्या मला माहितीयत), हे सगळं इथे कामाला येतं. एकच गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस आणि मला विचारणं भाग आहे, त्याचं आधी कुठे लग्न झालेलं नव्हतं ना? किंवा तुझं? कारण २०१३ च्या इंद्रा सरमा केसमध्ये तो माणूस विवाहित होता, त्या बाईंना ते माहीत होतं, आणि त्यांची बाजू तिथेच पडली. असं काही असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांग, लपवू नकोस. तेव्हा मग डीव्ही सोडून पाठलागाची फौजदारी केस आणि दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम या वाटा उरतात, आणि ज्या मुली कधी एकत्र राहिल्याच नाहीत, नुसता बॉयफ्रेंड होता आणि आता छळतोय, त्यांच्याही वाटा त्याच.

आता पुरावा. मला सांग, जो माणूस बँकेमार्फत, स्वतःच्या नावाने, तारीख-वेळेसकट, "जिना अंधारात असतो ना" असं लिहून पाठवतो त्याच्याइतका आज्ञाधारक साक्षीदार कुठे मिळणार? एक्केचाळीस वेळा! व्हॉट्सॲप मेसेज तो डिलीट फॉर एव्हरीवन करू शकला असता, बँकेच्या एन्ट्रीचं तो काहीही करू शकत नाही. उद्या ॲपमध्ये जाऊन एकेक ट्रान्झॅक्शन उघड आणि स्क्रीनशॉट काढ, त्यात रेफरन्स नंबर दिसला पाहिजे. मग बँकेकडून सात महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट घे, त्यात रिमार्क कधी पूर्ण येतो, कधी अर्धा कापलेला, म्हणून दोन्ही हवं. जुने चॅट असतील तर स्क्रीनशॉट काढताना त्याचं सेव्ह केलेलं लाडाचं नाव आधी बदलून नंबर दिसेल असं कर. हसू नकोस, माझ्यासमोर एका मुलीचे ऐंशी स्क्रीनशॉट होते आणि सगळ्यांवर वर 'पिल्लू', आता पिल्लू म्हणजे कोण हे कोर्टाला कोण सांगणार. फोन विकू नकोस, रिसेट मारू नकोस, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते काम सोपं जातं.

आणि मारल्याचे फोटो नाहीत तर नसू देत. फोटो काढायचं सुचतं कोणाला त्या वेळी. त्याऐवजी शाळेची वही असते ना, शंभर पानी, ती घे आणि तारखेने लिहायला बस. नक्की तारीख आठवत नसेल तर "गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी", "माझ्या अप्रेझलच्या आठवड्यात" असं लिही, मग फोनची गॅलरी आणि कॅब-बिब काय केली होतीस ते बघून तारखा सापडतात. "तो मला नेहमी मारायचा" या वाक्यात कोर्टाच्या हाताला काही लागत नाही. "रविवारी रात्री पोळ्या गार झाल्या म्हणून त्याने लाटणं फेकलं, ते डाव्या कोपराला लागलं, सोमवारी मी फुल स्लीव्ह घालून ऑफिसला गेले आणि लंचमध्ये अमुक मैत्रिणीने विचारलं काय झालं" हे वाक्य उभं राहतं, कारण त्यात वार आहे, वस्तू आहे, कोपर आहे आणि विचारणारी मैत्रीण आहे. मी जवळपास पंधरा वर्षं ठाण्यात एका समुपदेशन केंद्रात बसले, वकील नाही मी, पण अर्ज लिहायला मदत करून करून हात काळे झालेत, आणि जे अर्ज चालले ते असेच होते. मारणं सोडून बाकीचंही लिही, शिव्या, पगाराचं कार्ड काढून घेणं, मित्रमैत्रिणींना भेटू न देणं, कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे चारही छळ धरलेत.

अर्ज कुठे करायचा, तर तू आत्ता जिथे राहतेस तिथे, भले तात्पुरती का असेना. तुला ठाणे कोर्टात, त्याच्या इलाख्यात, जायची गरज नाही, कोपरखैरण्यासाठी सीबीडी बेलापूरचं कोर्ट, पनवेल गाडी पकडलीस तर थेट. (खारघर-कामोठ्याच्या वाचकांसाठी, तुमचे पोलिस नवी मुंबईचे असले तरी जिल्हा रायगड, कोर्ट पनवेल, तिथे दरवेळी गोंधळ होतो.) आदेश मिळाला की तो देशभर चालतो. अर्ज तू स्वतः, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकतेस. संरक्षण अधिकारी म्हणजे महिला व बालविकास खात्याचा सरकारी माणूस किंवा बाई, ते तुझी हकीकत एका ठरलेल्या फॉर्ममध्ये भरतात, त्याला डीआयआर, डोमेस्टिक इन्सिडेंट रिपोर्ट म्हणतात. तुझ्या भागाचं ऑफिस कुठे हे १८१ वर विचार. वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तुला आयटीचा पगार आहे तरी मिळतो, १५१०० वर फोन कर. हे मी मुद्दाम सांगतेय कारण नोकरी करणाऱ्या मुलींना वाटतं की ते आपल्यासाठी नाही.

अर्जात काय मागायचं यावर मात्र वकिलाशी नीट बस, कारण कोर्ट बहुतेक वेळा मागितलेलंच देतं. "त्याने त्रास देऊ नये" इतकंच मोघम लिहिलं तर आदेशही मोघम येतो. तू मागायचंस की त्याने आत्याच्या बिल्डिंगमध्ये येऊ नये, ऑफिसच्या गेटपाशी येऊ नये, ऐरोली आणि कोपरखैरणे स्टेशनवर तुझ्या येण्याजाण्याच्या वेळी थांबू नये, आणि फोन, मेसेज, ईमेल, दुसऱ्याच्या नंबरवरून, पैसे पाठवून, कुठल्याच मार्गाने संपर्क करू नये. 'पैसे पाठवून' हे शब्द टाकच टाक. कलम १८ मध्ये इलेक्ट्रॉनिक संपर्क आहेच, पण तुझा हिरो वेगळ्या डोक्याचा आहे. आत्याचं नावही घाल, कारण तुला मदत करणाऱ्या माणसालाही त्यात संरक्षण आहे. शिवाय तुझी सर्टिफिकेटं, दागिना, डिपॉझिटचे तुझ्या वाट्याचे पैसे, हे सगळं त्याच अर्जात मागता येतं, आणि पोलिसांनी अंमलबजावणीला मदत करावी असाही हुकूम कोर्ट काढू शकतं.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न. मी तुला खोटं आशेला लावणार नाही, ते साठ दिवस कितीतरी जणींचे वर्षावर गेलेले मी पाहिलेत. म्हणून कलम २३ महत्त्वाचं. निकालाची वाट न बघता, तुझ्या प्रतिज्ञापत्रावर, गरज वाटली तर त्याला न ऐकताही कोर्ट तातडीचा अंतरिम आदेश देऊ शकतं. मुख्य अर्जासोबतच तो अर्जही लावायला सांग, नंतर बघू म्हणणारा वकील असेल तर दुसरा बघ. कोर्ट मधेच समुपदेशनाला पाठवू शकतं, तुला समेट नको असेल तर तसं स्पष्ट लिहून दे, लाजू नकोस.

पोलिसांचं आता. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, तू नको म्हणून सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, संपर्क करणं यात येतं. एनसीवर तुझी बोळवण व्हायला नको होती. लेखी तक्रार घेऊन जा, सोबत ४१ एन्ट्रींचा कागद, आणि एफआयआर मागून घे. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआरचा नियम आहे, कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवायची. तरी नाहीच घेतली तर तोच अर्ज पोस्टाने डीसीपींना, आणि मग मॅजिस्ट्रेटकडे. स्टेशनवरचा प्रकार रेल्वे पोलिसांकडे जातो, त्यांचा नंबर १५१२, लोकलमध्ये लिहिलेला असतोच. आणि हे आधीच सांगून ठेवते, पहिल्यांदाचा पाठलाग जामीनपात्र आहे, त्याला धरला तर कदाचित त्याच संध्याकाळी सुटेल, तेव्हा "बघा, काही झालं नाही" म्हणून खचू नकोस. एफआयआर आणि डीव्ही दोन्ही एकावेळी चालतात, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

संरक्षण आदेशाचं वेगळेपण काय, तर तो मोडणं हाच एक स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अजामीनपात्र. म्हणजे आज तो एक रुपया पाठवतो तेव्हा तुला पाठलाग सिद्ध करत बसावं लागतं. आदेशानंतर तोच एक रुपया पाठवला तर नुसतं एवढंच बघायचं की आदेश होता आणि रुपया आला. आदेशाची प्रत कोर्टाकडून फुकट मिळते. तिच्या झेरॉक्स काढ, एक पर्समध्ये, एक वॉचमनच्या रजिस्टरला, एक ऑफिसच्या सिक्युरिटीला, फोटो फोनमध्ये. तो दिसला की ११२, आणि पोलिस आल्यावर कागद हातात दे. माझ्याकडची एक कळव्याची बाई तो कागद लॅमिनेट करून भाजीच्या पिशवीत ठेवायची, त्यावर मेथीचे डाग पडलेले होते, पण दोन वेळा तोच कामाला आला.

तुझ्या अर्जाची कोर्टाची नोटीस त्याच्या हातात पडते ते दिवस मात्र जपायचे. तोपर्यंत त्याला वाटत असतं की ही घाबरलीय, नोटिशीने कळतं की घाबरली नाही, आणि काही पुरुषांचं डोकं तिथेच फिरतं. नोटीस कधी बजावली जाणार हे वकिलाकडून विचारून घे, त्या आठवड्यात जमलं तर वर्क फ्रॉम होम, नाहीतर स्टेशनपासून कोणीतरी सोबत, रोजची गाडी बदल, डबा बदल. आणि ऑफिसमध्ये एचआरला सांगच, लाज कसली त्यात.

पत्ता त्याला कसा कळला हे कोडं मला वाटतं मी सोडवलंय. जेवण मागवायचं ॲप दोघांचं एकच लॉगिन होतं का? बहुतेक जोडप्यांचं असतं, एकाने कूपन घ्यायचं दुसऱ्याने मागवायचं. तू आत्याकडून एक बिर्याणी मागवली असशील तर विंगसकट पत्ता त्याच्या फोनवर 'होम' म्हणून सेव्ह. बघ जाऊन. ते, कॅब, फोटोंचा क्लाउड, ईमेल, मॅपवरचं लोकेशन शेअरिंग, सगळ्याचे पासवर्ड बदल आणि 'लॉगआउट फ्रॉम ऑल डिव्हायसेस' मार, पण त्याआधी त्याचे जे मेसेज तिथे असतील ते साठवून घे.

शेवटच्या भेटीबद्दल माझं उत्तर एका शब्दाचं आहे, नाही. आमच्याकडे एक मुलगी अशीच "फक्त कागद घ्यायला" तलावपाळीला गेली, संध्याकाळची वेळ, गर्दी, पाणीपुरीवाले, काय होणार असं म्हणून. तिला काही झालं नाही, देवाची कृपा. पण नंतर कोर्टात समोरच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला, एवढी भीती वाटत होती तर भेटायला कशा गेलात मॅडम? ती अर्धा मिनिट गप्प, आणि ते अर्धं मिनिट आम्हाला फार महागात पडलं. सर्टिफिकेटं कोर्टामार्फत परत मागता येतात हे वर सांगितलंच, आणि अगदीच नाही मिळाली तर युनिव्हर्सिटी डुप्लिकेट देते, फी भरायची, चार चकरा मारायच्या.

आईचं काय करायचं. तिला वाईट म्हणू नकोस, चिपळुणात बसून तिला फक्त फोन वाजलेला कळतो आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता बातमी आली. तिला सांग की या केसची सुनावणी मागणी केली तर बंद खोलीत होऊ शकते, कायद्यात कलम १६ तेच आहे, गावभर होण्यासारखं त्यात काही नाही. आणि तिला हेही सांग की तू नोकरी सोडून गेलीस तर चिपळूणची गाडी त्यालाही मिळते. हे वाक्य जरा कठोर आहे, तुझ्या पद्धतीने बोल. जमलं तर पहिल्या तारखेला तिलाच बोलावून घे, बेलापूरला बाकड्यावर शेजारी आई बसलेली असली की माणूस ताठ बसतं, मी पाहिलंय.

जिन्यातल्या दिव्याचं आजच सोसायटीच्या सेक्रेटरीला सांग, लेखी दे. दाराला पीपहोल नसेल तर सुतार अर्ध्या तासात बसवतो, आणि आत्याला सांग की कोणीही "कुरिअर" म्हटलं तरी आधी बघायचं.

राहिले ते ४१ रुपये. परत पाठवू नकोस. तू एक रुपया जरी उलट पाठवलास तरी त्याच्या फोनवर तुझं नाव झळकणार, त्याला तेच हवंय, आणि वकिलाने तलावपाळीच्या मुलीला विचारलं तसं तुलाही विचारायला त्याला आयतं मिळणार. पडू देत खात्यात. बेचाळिसावा आला तर रिमार्क वाच, स्क्रीनशॉट काढ, वहीत तारीख टाक आणि जेवायला बस.